रॉटवायलर, पिटबुल, डॉबरमन: बदनाम जातीचा कुत्रा पहिल्यांदा पाळताना

‘तो काही करत नाही हो!’ हे वाक्य आजच बोलण्यातून काढून टाका. समोरचा माणूस भिंतीला चिकटून उभा आहे, तुमच्या हातातल्या पट्ट्याला पंचेचाळीस किलोचा रॉटवायलर आहे आणि तुम्ही हसत हसत हे म्हणताय. त्याला त्यातून एवढंच कळतं की या मालकाला आपली भीती दिसतच नाहीये. मग तो कुत्र्यावरचा राग तुमच्यावर काढतो आणि तुमच्यावरचा कुत्र्यावर.

ज्यांनी असा कुत्रा घ्यायचं ठरवलंय किंवा नुकताच घरी आणलाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ‘जात वाईट नसते, मालक वाईट असतो’ हे तुम्ही ऐकलंच असेल. ते अर्धं खरं आहे. लॅब्रॅडॉरने अंगावर उडी मारली तर तो खेळकर, रॉटवायलरने मारली तर हल्ला. हा अन्याय आहे, मान्य. पण तो गृहीत धरूनच दिवस आखावा लागतो. इतर मालकांना ज्या चुका खपून जातात, त्या तुम्हाला खपणार नाहीत. हे जड वाटत असेल तर दुसरी जात बघा, त्यात कमीपणा काही नाही.

१. आधी खरं-खोटं वेगळं करा

बदनामी एका जातीवर कायम टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने १९२९ मध्ये जर्मन शेफर्डच्या आयातीवर बंदी घातली होती. हा लांडग्यासारखा कुत्रा मेंढ्या फाडेल, तिथल्या जंगली डिंगो कुत्र्यांशी त्याचा संकर होऊन भलतीच अवलाद निपजेल, अशी मेंढ्या पाळणाऱ्यांना धास्ती होती. ती बंदी उठायला सत्तरचं दशक उजाडलं. मधल्या काळात तोच कुत्रा जगभर पोलिसांचा आणि अंधांचा सोबती झाला होता. पुढे तो मान डॉबरमनला मिळाला, ऐंशीच्या दशकापासून पिटबुलला, आणि मग रॉटवायलरला.

स्वभावात जातीचा वाटा किती, यावर २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासला होता. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. माणसाचं ऐकण्याची तयारी जातीनुसार त्यातल्या त्यात जास्त बदलते. कुत्रा किती पटकन बिथरतो, याचा जातीशी संबंध जवळजवळ दिसला नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. २००० ते २००९ या काळात तिथे कुत्र्यांच्या हल्ल्यात २५६ जण दगावले. संशोधकांनी पोलीस आणि इतर तपास यंत्रणांच्या नोंदी काढून एकेक प्रकरण तपासलं. ८७ टक्के प्रकरणांत त्या वेळी सोडवू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८४ टक्के प्रकरणांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. ७६ टक्के प्रकरणांत कुत्रा घरच्यांत मिसळून राहणारा नव्हता, त्याला साखळीला, पिंजऱ्यात किंवा आवारात एकटं ठेवलेलं होतं. आणि जात? ती खात्रीने सांगता आली १८ टक्क्यांहून कमी प्रकरणांत. ही यादी नीट बघितलीत तर लक्षात येईल की यातली बहुतेक कारणं मालकाच्या हातातली आहेत. पुढच्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

नुसतं बघून जात ओळखणं तर फारच कच्चं काम. फ्लोरिडातल्या चार निवारा केंद्रांमध्ये १२० कुत्र्यांवर केलेल्या पाहणीत डीएनए तपासणीत पिटबुल कुळाचा अंश २५ कुत्र्यांत सापडला, पण चारांपैकी किमान एका कर्मचाऱ्याने ‘हा पिटबुल’ असं म्हटलेले कुत्रे ६२ होते. रोज कुत्रे हाताळणाऱ्यांची ही गत, तर बातमीतल्या ‘पिटबुलचा हल्ला’वर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. शिवाय खरा अमेरिकन पिटबुल टेरियर मध्यम चणीचा असतो, १६ ते २७ किलोच्या आसपास. रुंद छातीचं, मोठ्या डोक्याचं जे धूड लोकांच्या डोळ्यांसमोर येतं, ते बहुधा अमेरिकन बुली असतं, म्हणजे वेगळीच जात. आणि हो, पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होत नाही. तशी कुठलीही रचना त्याच्या हाडांत नाही.

आता दुसरी बाजू, जी कुत्राप्रेमी मंडळी सांगायला कचरतात. चावण्याची शक्यता आणि चाव्याचा परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉमेरेनियन चावला तर बँडेज लागतं, पन्नास किलोचा कुत्रा चावला तर शस्त्रक्रिया. टेरियर कुळातले बरेच कुत्रे धरलेलं सोडत नाहीत, झटके देतात, त्यामुळे जखम खोल होते. पिटबुलसारख्या काही जातींचे पूर्वज कुत्र्यांच्या झुंजींसाठी निवडून वाढवलेले होते. अशा वंशातला कुत्रा माणसांशी लोण्यासारखा मऊ असूनही दुसऱ्या कुत्र्यांशी त्याचं न पटणं अगदी शक्य आहे. कांगल किंवा कॉकेशियन शेफर्डसारखे राखणीचे कुत्रे शेकडो वर्षं अनोळखी माणसावर, जनावरावर संशय घ्यावा म्हणूनच जपले गेले. ‘जातीने काही फरक पडत नाही’ म्हणणारा मालक मला ‘ही जातच खुनी’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याइतकाच धोक्याचा वाटतो.

२. घेण्याआधी: कायदा, घर आणि कुत्रा येणार कुठून

पहिला फोन ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याला, नाही, स्थानिक प्रशासनाला करा. जातींवरची बंदी देशोदेशी वेगळी आहे आणि ती बदलत राहते. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो आर्जेन्टिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली (अमेरिकन बुलीचा मोठा प्रकार) पाळणंही इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा आहे. उलट नेदरलँड्स आणि इटलीने आपले जातवार नियम मागे घेतले, आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९८९ पासूनची पिटबुलबंदी २०२० मध्ये मतदारांनीच उठवली. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यासाठी राज्यांना पत्र पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. थोडक्यात, दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला नियम आज खरा असेलच असं नाही. लेखी माहिती मिळवा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी जातीच्या नावासकट लेखी घ्या. नुसतं ‘कुत्रा चालेल’ पुरेसं नाही. अशा जातींचे कुत्रे निवारा केंद्रात परत येतात त्यामागे ‘नव्या घरात घेऊ देत नाहीत’ हे कारण नेहमीचं आहे. काही विमा कंपन्या आणि विमान कंपन्याही ठरावीक जाती नाकारतात, तेव्हा वारंवार बदली होणाऱ्यांनी हा विचार आधीच केलेला बरा.

पिल्लू घेताय? मग आईला बघा. फोटोत नाही, प्रत्यक्ष, आणि तिच्या नेहमीच्या जागी. अनोळखी माणूस आल्यावर ती कशी वागते हे कुठल्याही वंशावळीच्या कागदापेक्षा जास्त सांगतं. आई दाखवायला टाळाटाळ करणारा, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायला तयार असणारा, ‘बाप एकदम डेंजर आहे’ असं कौतुकाने सांगणारा ब्रीडर दिसला की निघून या. कान कापलेलं पिल्लूही नको. १९८७ च्या युरोपीय करारात शेपूट छाटणं, कान कापणं आणि भुंकणं बंद करण्यासाठी स्वरतंतू कापणं हे सगळं निषिद्ध मानलेलं आहे. माझा आक्षेप आणखी एक: कुत्रा बरंचसं बोलतो ते कानांनी आणि शेपटीने. ते छाटलं की इतर कुत्र्यांना आणि माणसांना त्याचा मूड कळणं अवघड होतं, आणि चेहरा मात्र आणखी उग्र दिसतो.

पहिलाच कुत्रा असेल तर माझं मत मोठा, दोन-तीन वर्षांचा, केंद्रातून घेतलेला कुत्रा बरा. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा घडेल याचा नुसता अंदाज बांधता येतो. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. मुलांशी, कुत्र्यांशी, मांजरांशी तो कसा वागतो हे तिथल्या लोकांना विचारा, आणि ‘सगळं छान’ एवढंच उत्तर मिळालं तर आणखी विचारा. केंद्रातल्या कुत्र्याबद्दल मनात धाकधूक असेल, तर २००७ चं मायकेल व्हिक प्रकरण आठवा. अमेरिकन फुटबॉलपटू व्हिकच्या झुंजीच्या अड्ड्यावरून ५१ पिटबुल ताब्यात घेतले होते. असे कुत्रे सरसकट मारून टाकायचा तोवर रिवाज होता. या वेळी एकेकाची तपासणी झाली आणि बहुतेक वाचले. काही घरांत रुळले, काहींना मात्र कायम जाणकारांच्या देखरेखीतच राहावं लागलं. ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा.

नाव ठेवताना ‘किलर’, ‘टायसन’, ‘डेव्हिल’ नको. रस्त्यात ‘डेव्हिल, इकडे ये!’ अशी हाक मारून पाहा म्हणजे कळेल.

३. पिल्लाचे पहिले महिने

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्यात ‘जग म्हणजे काय’ हे ठरत असतं. या काळात जे शांतपणे, सुखरूप अनुभवलं ते पुढे नेहमीचं वाटतं. जे पाहिलंच नाही त्याची पुढे भीती वाटू शकते, आणि भ्यालेला मोठा कुत्रा हीच चावण्यामागची सगळ्यात नेहमीची गोष्ट असते.

लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून पिल्लू घरातच कोंडू नका. कडेवर घेऊन फिरवा. छत्री, हेल्मेट, काठी टेकत चालणारे आजोबा, व्हीलचेअर, रडणारं बाळ, फटफटीचा आवाज, गणवेशातला माणूस हे सगळं लांबून दाखवा आणि दिसताक्षणी खाऊ द्या. प्रत्येकाने त्याला हात लावलाच पाहिजे असं नाही. उलट अशा जातीच्या पिल्लाला ‘माणूस दिसला की मालकाकडे बघायचं’ ही सवय ‘माणूस दिसला की धावत जायचं’ यापेक्षा कितीतरी उपयोगी. आज पाच किलोचं पिल्लू उड्या मारतं तेव्हा सगळे हसतात, पण वर्षभराने तीच उडी म्हातारीला खाली पाडते.

एक सूचना: हे पुराण चौथ्या महिन्यात संपत नाही. मोठ्या जाती मनाने वयात यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि दुसऱ्या कुत्र्यांशी न पटणं बऱ्याचदा याच वयात वर येतं. काल ज्याच्याशी खेळत होता त्याच्यावर आज गुरगुरला तर ‘अचानक बिघडला’ म्हणू नका. तो मोठा झालाय.

नसबंदी कधी करायची हे व्हेटशी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांशी, बोलून ठरवा. मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांवर परिणाम होऊ शकतो. आणि नसबंदीने भटकणं, नरांची आपसातली खुन्नस कमी होऊ शकते, पण घाबरट कुत्रा धीट होत नाही.

४. सामान, आणि मझलची सवय

दीड-दोन मीटरचा न ताणणारा, मजबूत पट्टा. छातीवर कडी असलेला हार्नेस (छाती-खांद्यांवरून बांधायचा पट्टा), म्हणजे ओढला तर कुत्रा वळतो, तुम्ही फरफटत जात नाही. गळपट्ट्याला दुसरी कडी अडकवून ठेवा, एक तुटली तर दुसरी असावी. बटण दाबल्यावर लांब होणारा पट्टा या कुत्र्यांसाठी घेऊच नका. काटेरी, अणकुचीदार पट्टे तर नाटकातच शोभतात. फिरायला नेणारा माणूस त्या कुत्र्याला जागेवर थोपवू शकेल एवढा ताकदीचा हवा. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पट्टा देऊन कौतुकाने फोटो काढणारे पालक पाहिले की मला धडकी भरते.

मझलबद्दल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर बांधायच्या मुसक्याबद्दल, मालकांना फार लाज वाटते. ‘आमचा काय चावरा आहे का?’ अहो, मझल म्हणजे सीटबेल्ट आहे, अपघात करणारेच तो लावतात असं नाही. व्हेटकडे, गर्दीत, प्रवासात, काही ठिकाणी कायद्यानेही ती लागते. जखम होऊन कुत्रा वेदनेने कळवळत असताना ती पहिल्यांदा चढवायची वेळ आली तर काय होईल याची कल्पना करा.

घ्यायची ती टोपलीसारखी, जाळीची. तिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे, खाऊ घेता आला पाहिजे. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी दोन-चार मिनिटांच्या तपासणीपुरती ठीक. ती लावून फिरायला नेलंत तर कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो.

सवय लावायची ती अशी. पहिले काही दिवस मझल नुसती हातात धरायची, कुत्र्याने ती हुंगली की खाऊ. मग तिच्या तळाशी आतून चिकट खाऊ लावायचा आणि ती वाटीसारखी पुढे धरायची. नाक कुत्र्याने स्वतः आत घालायचं, तुम्ही मझल त्याच्या तोंडावर ढकलायची नाही. हा बारकावा चुकला की पुढचं सगळं फसतं. नाक दहा-पंधरा सेकंद आत राहायला लागलं की मागचा पट्टा नुसता मानेवर टेकवायचा, बक्कल लावायचं नाही. मग बक्कल लावून लगेच काढायचं. मग घरातच एक-दोन मिनिटं, चालता चालता, खाऊ देत. पंजाने ओढायला लागला, तोंड जमिनीला घासायला लागला तर तुम्ही घाई केलीत, एक पाऊल मागे या. याला दोन-तीन आठवडे सहज लागतात. मझल दिसल्यावर कुत्रा शेपूट हलवत जवळ आला की जमलं समजा.

५. गुरगुरणं हा निरोप आहे

‘काहीच इशारा न देता चावला’ हे मालक नेहमी सांगतात. बहुतेक वेळा इशारे झालेले असतात, ते वाचणारं कुणी नसतं. झोप नसताना जांभई, भूक नसताना ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पोटाखाली. मग शरीर ताठ होतं. एक क्षण सगळं थांबतं, खाणंसुद्धा, धापाही. हा थिजलेला क्षण ओळखायला शिका, कारण त्यानंतर गुरगुर, दात दाखवणं, हवेत दात वाजवणं, आणि मग चावा. हलणारी शेपूट म्हणजे खुशी, असंही नाही. ताठ, उंच धरलेली, भराभर थरथरणारी शेपूट ताण सांगते.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका, ओरडू नका. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडतो, त्याला खटकणारी गोष्ट मात्र खटकतच राहते. पुढच्या वेळी तो मधली पायरी गाळतो. गुरगुरला की ती गोष्ट थांबवा, अंतर वाढवा आणि नंतर विचार करा: कशामुळे?

कायम शांत असलेला कुत्रा चिडका झाला तर आधी व्हेट. कानातली सूज, दुखरा दात, सांधे, थायरॉइड अशी कारणं निघतात.

६. शिकवणाऱ्याची निवड

‘या जातीला धाकातच ठेवावं लागतं’ म्हणणाऱ्या ट्रेनरपासून चार हात लांब राहा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००९ च्या पाहणीत १४० मालकांना विचारलं होतं की कुठल्या उपायावर कुत्रा उलटला. मारणं किंवा लाथ घालणं करून पाहिलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रा त्यावर आक्रमक झाला. कुत्र्याला पाठीवर लोळवून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. पन्नास किलोच्या जनावराशी कुस्ती खेळून कोण जिंकणार, हा प्रश्नही आहेच.

‘हल्ला करायला शिकवतो’ ही सेवा तर घेऊच नका. घरगुती कुत्र्याला माणसावर सोडायला शिकवणं म्हणजे भरलेलं हत्यार दिवाणखान्यात ठेवणं. पोलिसांच्या कुत्र्यामागे रोजचा सराव आणि प्रशिक्षित हँडलर असतो, तुमच्याकडे नोकरी असते.

शिकवायचं काय? हाक मारल्यावर येणं, तोंडातलं सोडणं, आपल्या गादीवर जाऊन बसणं आणि पट्टा सैल ठेवून चालणं. हे चार पक्के झाले की नव्वद टक्के प्रसंग सुटतात. बाकी हात मिळवणं वगैरे मजेसाठी.

७. लोकांशी वागणं

इथे पूर्वग्रह खरा भेटतो. लिफ्टमध्ये कुणी आधीच असेल तर तुम्ही थांबा, पुढची पकडा. तुम्ही आत असताना कुणी आलं तर कुत्र्याला कोपऱ्यात बसवा, त्याच्या आणि त्या माणसाच्या मधे तुम्ही उभे राहा, आणि विचारा: ‘येताय, की आम्ही उतरू?’ एवढ्या एका प्रश्नाने जे काम होतं ते तासाभराच्या वादाने होत नाही. जिन्याच्या वळणावर, गेटपाशी, गाड्यांच्या मधून निघताना पट्टा आखूड धरा, कारण माणसं दचकतात ती अचानक समोर आल्यावर. समोरून घाबरलेलं कुणी येताना दिसलं तर तुम्ही रस्ता ओलांडा. तो त्यांनी ओलांडायचा नसतो.

‘हात लावू का?’ असं मुलाने विचारलं तर ‘आज नको, तो शिकतोय’ म्हणायची सवय ठेवा. हो म्हणायचंच असेल तर मुलाच्या पालकाला विचारून, कुत्रा स्वतः जवळ आला तर, छातीपाशी तीन सेकंद, मग हात काढायचा. कुत्रा पुन्हा जवळ आला तर पुढे. डोक्यावरून थोपटणं, मिठी मारणं, तोंडाजवळ तोंड नेणं नाही.

मोकळा सुटलेला दुसरा कुत्रा अंगावर येतो आणि त्याचा मालक लांबून ओरडतो, ‘आमचा फ्रेंडली आहे!’ हा प्रसंग तुमच्यावर येणारच. भांडण त्यांच्या कुत्र्याने सुरू केलं तरी बातमी तुमच्या कुत्र्याची होणार. म्हणून वाट बदला, मूठभर खाऊ त्या कुत्र्याच्या समोर जमिनीवर उधळा, तेवढ्यात तुम्ही निघून जा. मोकळ्या ‘डॉग पार्क’मध्ये अशा जातीचा कुत्रा नेऊ नये असंच माझं मत आहे. दोन-तीन ओळखीचे कुत्रे सोबत फिरायला मिळाले तरी पुष्कळ.

शेजाऱ्यांना कुत्रा आणण्याआधीच सांगा. तक्रार आली तर ‘तुम्हाला कुत्र्यांचा द्वेष आहे’ हे उत्तर नाही. कुठे, किती वाजता, काय झालं ते विचारा, लिहून घ्या, आणि काय बदललंत ते चार दिवसांनी जाऊन सांगा. एखाद्याला लहानपणी कुत्रा चावलेला असतो. त्याला आकडेवारी ऐकवू नका. वरचे अभ्यास तुमच्यासाठी आहेत, त्याच्या तोंडावर मारायला नाहीत.

८. घरातलं

मुलांना बसणारे चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्याचे असतात आणि बहुतेक घरातच बसतात. लहान मूल आणि कुत्रा, कुठल्याही जातीचा, खोलीत दोघंच नकोत. एक मिनिटही. दार उघडायला जाताना एकाला सोबत घेऊन जा. खात असताना, झोपलेला असताना, हाड चघळताना त्याला कुणी हात लावायचा नाही. पाहुणे आले की कुत्रा आधी दुसऱ्या खोलीत, सगळे स्थिरस्थावर झाले की पट्ट्यावर बाहेर. पाहुणा घाबरट असेल तर तो बाहेर आलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं असेल तर कुत्रा घेऊ नका. आणि दारावर ‘सावधान, खतरनाक कुत्रा’ अशी कवटीवाली पाटी नको. ‘घरात कुत्रा आहे, बेल वाजवून थांबा’ एवढी पुरते.

नोंदणी, मायक्रोचिप, लसीकरणाची वही आणि शक्य असेल तिथे तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, फक्त मुदत संपू देऊ नका.

९. चावा झालाच तर

आधी कुत्र्याला बंद खोलीत न्या. मग जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवायला लावा, घड्याळ लावून. त्यानंतर लगेच दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर रोग टळतो, म्हणून ‘आमच्या कुत्र्याला सगळं दिलंय’ या भरवशावर त्या माणसाला घरी पाठवू नका. सोबत जा, लसीकरणाची वही दाखवा, लस घ्यायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. त्या काळात तो कुणाला द्यायचा नाही, मारायचा तर नाहीच.

खर्च तुम्ही करा, माफी मागा, आणि ‘त्यानेच छेडलं असणार’ हे पहिल्या दिवशी बोलू नका. त्याच रात्री, डोकं ताजं असताना, प्रसंग लिहून काढा: कोण कुठे होतं, आधी काय झालं, कुत्र्याने काय इशारे दिले, एकदा चावून सोडलं की धरून ठेवलं, जखम किती खोल. पुढे वर्तनतज्ज्ञ व्हेट हेच विचारणार आहे. तोपर्यंत बाहेर मझल, घरात पाहुणे बंद.

कधी कधी असं निघतं की हा कुत्रा या घरात सुरक्षित राहू शकत नाही. मूल लहान आहे, जागा अपुरी आहे, किंवा कुत्रा खरोखरच सांभाळण्यापलीकडचा आहे. तेव्हा तो दुसऱ्याला देताना चाव्याची सगळी हकीकत त्या माणसाला लेखी द्या, आणि ती वाचल्याची त्याची सही घ्या. ‘स्वभावाने गरीब, जागेअभावी देणे आहे’ अशी जाहिरात करून तो कुणाच्या तरी लहान मुलांच्या घरात पाठवू नका. लिहून दिल्यावर कुणीच घ्यायला तयार झालं नाही, तर पुढे काय करायचं ते त्याच व्हेटशी बसून ठरवावं लागतं.